समज देऊन

सोहार. महिन्यातला तिसरा बुधवार.
टेबलावर माझ्या नावाची पाटी.
अरबीत 'प' नाही, म्हणून पोतनीसची मी बोतनीस.
सहा वर्षं झाली, आता त्या नावाला ओ देते.

मानसिक दुर्बलता असलेल्या आरोपींबाबत
शासनाला सल्ला देणारी समिती.
सल्ला, बरं का. निकाल नाही.
निकाल पलीकडच्या इमारतीत लागतो,
तिथली लिफ्ट आमच्या कार्डावर उघडत नाही.

डॉक्टर खल्फान खजुराच्या बिया
फायलीच्या कडेला ओळीने मांडतात.
झुवैना तुरुंगातून थेट येते,
अबायाच्या काठाला तिथली वाळू.
हिलालसाहेब, निवृत्त न्यायाधीश,
चष्मा पुसत दर वेळी तेच विचारतात :
आरोपीला आपल्या कृत्याची समज होती का?
फॉर्मवर त्यासाठी दोन चौकोन. हो. नाही.
दोन्ही इतके लहान
की खूण करताना पेनाचं टोक बाहेर जातं.

आज इद्रिस सारंग, वय चोवीस, राहणार हर्णै.
मच्छीमार बोटीवर भांडी घासायला.
मे महिन्यातल्या एका रात्री
त्याने बंदरातल्या अकरा होड्यांचे दोर सोडले.
दहा परत मिळाल्या.
अकरावी धक्क्याच्या दगडांवर. फोटो जोडला आहे.

त्याला अरबी येत नाही, हिंदी अर्धीमुर्धी,
म्हणून आज मी सदस्यही आणि दुभाषीही.
भत्ता एकच.

मांड्यांखाली हात दाबून बसलेला.
"तुमी दापोलीच्या?"
नाही रे, मिरजेची.
त्याचा चेहरा पडला,
जणू मिरज ही माझीच काहीतरी चूक.

होड्या का सोडल्यास?
"रात्रभर कण्हत व्हत्या."

नायलॉनचा दोर लोखंडी कडीवर घासतो, तो आवाज.
मीही ऐकलाय, किनाऱ्यावर फिरताना.
मी त्याला वारा म्हणायचे.

तुला कधी कुणी बांधलं होतं?
(हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.)
त्याने डावा पाय पुढे केला.
घोट्याभोवती एक गुळगुळीत पट्टी, केस न उगवणारी.
"आई बाजारात जायची तवा. खांबाला. रागानं नाय."

हिलालसाहेब म्हणाले, त्याला विचारा,
होड्या आपल्या नाहीत हे ठाऊक होतं का?
विचारलं.
तो पहिल्यांदाच हसला.
"माज्या असत्या तर बांधल्याच नसत्या."

खोलीत मराठी कळणारी मी एकटी.
'नाही म्हणतो' एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं.
एसीतून थेंब गळत होता बादलीत.
मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द.
हसणं तेवढं भाषांतरात राहून गेलं.

झुवैनाने पेन खाली ठेवलं.

माझे वडील मिरजेला पोलीस कचेरीत कारकून.
रजिस्टरात त्यांच्या वळणदार अक्षरात ओळ असायची :
'समज देऊन सोडून दिले.'
मला वाटायचं, फौजदाराच्या कपाटात
समजेचा डबा असणार, गुळाचा असतो तसा,
ज्याच्याकडे नसेल त्याच्या हातावर एक खडा.

ती ओळ मी अरबीत सांगून पाहिली.
मोडकीतोडकी झाली.
डॉक्टर खल्फान बिया मांडायचे थांबले :
"देतात? आणि मग सोडतात?
आमच्याकडे गोळ्या आहेत, मॅडम. समज नाही."
हिलालसाहेबांनी मात्र काहीतरी लिहून घेतलं,
उजवीकडून डावीकडे,
मला समोरून उलटं दिसणारं.

चौकोन दोन्ही कोरे. पुढल्या बैठकीत.

शिपाई बेडी घालायची विसरला होता.
इद्रिसने स्वतःच मनगटं पुढे करून
आठवण दिली,
आणि दारातून वळून मला म्हणाला,
"त्या अकराव्या होडीला लागलं काय हो?"

कॉफीचे पेले गोळा झाले.
भत्त्याच्या वहीत मी सही केली,
घाईत,
बोतनीस.